धरणगाव: १९०१ मध्ये जळगावच्या बरोबरीला, मग घोडं कुठे अडलं?

गिरणाकाठ

१९०१ च्या शिरगणतीत धरणगावची वस्ती होती १४,१७२. त्याच वर्षी जळगावची १६,२५९. फरक जेमतेम दोन हजारांचा. आता २०११ घ्या. धरणगाव ३५,३७५ आणि जळगाव ४,६०,२२८. एकशे दहा वर्षांत आमचं गाव अडीचपट झालं, शेजारचं अठ्ठावीसपट.

याहून खटकणारा आकडा अलीकडचा आहे. २००१ मध्ये धरणगाव ३३,६१८ होतं. दहा वर्षांत वाढ पावणेदोन हजारांची, म्हणजे पाच टक्क्यांच्या जरा वर. त्याच दहा वर्षांत जळगाव जिल्हा ३६,८२,६९० वरून ४२,२९,९१७ वर गेला, जवळपास पंधरा टक्के. नुसती जन्म-मृत्यूची बेरीज-वजाबाकी केली तरी गाव यापेक्षा जास्त वाढायला हवं होतं. म्हणजे माणसं गाव सोडून गेली, हे उघड आहे.

ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं ठावठिकाण. जळगावहून पश्चिमेला तीसेक किलोमीटर, सुरत-भुसावळ लाईनीवर. जळगाव सोडलं की पाळधी, चावलखेडे आणि मग धरणगाव. उत्तरेला तापी, तिच्यापलीकडे चोपडा आणि मागे सातपुडा. पूर्वेला गिरणा, जी पुढे तापीलाच मिळते. दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर एरंडोल, पश्चिमेला अमळनेर. जमीन काळी, कापसाची. तापीकाठच्या गावांत केळी. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला सहज जातो आणि पाऊस लहरी. डोंगर नाही, किल्ला नाही, लेणी नाहीत. म्हणून सहलीला कोणी येत नाही आणि गावावर कोणी लिहीतही नाही.

माझं म्हणणं असं की हे गाव खुरटलं ते दुष्काळाने किंवा आळसाने नाही. बाजारपेठ म्हणून ते फार जुनं आणि फार मोठं होतं, आणि त्याचा बाजारच तीस किलोमीटर सरकला. पटत नसेल तर खोडून काढा.

---

जुनी_वही

"जुनं आणि मोठं" म्हणालात, त्याला पुरावा देतो, कारण आमच्याच पोरांना हे माहीत नसतं.

१६७४ मध्ये इंग्रजांनी धरणगावात वखार घातली. सुरतेचे इंग्रज एखाद्या आडगावात वखार घालत नव्हते. इथलं कापड त्यांना हवं होतं. वखार घातली आणि दुसऱ्याच वर्षी, १६७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने बाजार लुटला. वखारही सुटली नाही. त्या नुकसानीची भरपाई मागायला इंग्रजांचे वकील रायगडापर्यंत खेटे घालत होते. १६७९ मध्ये पुन्हा लूट, त्याच स्वारीत चोपडाही. पुढे १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या काळात तिसऱ्यांदा.

आता यातला व्यवहार बघा. दहा वर्षांत तीनदा लुटायला फौज येते याचा अर्थ दर वेळी लुटण्याजोगं काहीतरी परत साठलेलं असायचं. ओस पडलेल्या गावावर कोण घोडी दामटवतो? मुघलांच्या ताब्यातली श्रीमंत पेठ म्हणून तिच्यावर नजर होती. गॅझेटियरमध्येही त्या काळातली या भागातली भरभराटीची पेठ असाच उल्लेख आहे.

कापडाबरोबर दुसरी चीज कागद. धरणगाव आणि एरंडोल, दोन्हीकडे हातकागद व्हायचा. व्यापाऱ्यांच्या वह्या, कचेरीची दप्तरं यासाठी तो खपायचा. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धरणगावचा कागद बंद झाल्याची नोंद आहे. जाड्याभरड्या कापडाचे शंभरावर माग तेव्हा चालू होते.

---

जिनवाला

मास्तर लोक इतिहास सांगतील, मी कापसाचं सांगतो. घरचा धंदाच तो.

सरकारने १८५५ मध्ये धरणगावात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा, कारखाना घातला होता. सॉ-जिन, म्हणजे करवती दात असलेल्या चकत्यांचं यंत्र, वर देखरेखीला गोरा साहेब. चाललं नाही. का चाललं नाही ते कोणत्याही जिनवाल्याला विचारा. सॉ-जिन अमेरिकेच्या कापसासाठी बनलेलं. आपला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा, त्यात सरकीला घट्ट चिकटलेला. करवतीने तो धागा तुटतो. रुई निघते पण तिचा दर पडतो. मँचेस्टरला हवा होता लांब धागा, आमच्या काळ्या रानात पिकत होता आखूड. यंत्र बदलून बी बदलत नाही हे साहेबाला उशिरा कळलं.

आज आमच्याकडे डबल रोलर चालतात. दोन चामडी रोलर धागा ओढतात, पट्टी सरकी मागे ढकलते, धागा शाबूत राहतो. दिवाळीनंतर या, म्हणजे गाव जिवंत काय असतं ते दिसेल. चोपडा रोडला, एरंडोल रोडला कापसाच्या गाड्यांच्या रांगा. ट्रॅक्टरवर दोरांनी आवळलेला कापूस इतका फुगलेला की मागून फक्त पांढरा ढीग चालल्यासारखा दिसतो. काट्यावर गाडी चढली की शेतकरी काट्याच्या आकड्याकडे बघतो आणि व्यापारी हात घालून ढिगाच्या पोटातला कापूस बाहेर काढतो. वरचा सुका असतोच, ओल असते ती आत. मुठीत दाबून सोडला आणि फुलला नाही तर तिथेच भाव तुटतो. त्यावरून रोज भांडणं. मग जिनमध्ये रुई वेगळी, सरकी वेगळी. रुईची दाबून १७० किलोची गठाण. सरकी तेल गिरणीला, ढेप ढोरांना.

पण मुद्दा असा की हा सगळा हंगाम चार-पाच महिन्यांचा. मार्च-एप्रिलमध्ये पट्टे थांबतात आणि गडी घरी. सूत इथे निघत नाही, कापड इथे विणलं जात नाही. गठाण ट्रकमध्ये चढली की तिच्यासोबत पैसाही चढतो. गाव फक्त कापसातून सरकी काढायचं काम करतं. अशा धंद्यावर वस्ती कितीशी वाढणार?

---

भुसावळ_यार्ड

गिरणाकाठ, तुमचं "बाजार सरकला" बरोबर आहे पण कोणी सरकवला ते लिहिलं नाही. रेल्वेने.

जीआयपी रेल्वे कंपनीची मुंबई-भुसावळ लाईन १८६० च्या दशकात झाली आणि ती जळगाववरून गेली, धरणगाववरून नाही. नेमका तोच काळ अमेरिकेतल्या यादवीचा. १८६१ ते ६५ तिकडचा कापूस बंद, मुंबईत भाव आभाळाला. ज्याच्या गावात स्टेशन त्याच्या गावात कापूस. त्याआधी जळगावला फारसं कोणी विचारत नव्हतं. दलाल, अडते, गठाणी दाबायचे प्रेस, पेढ्या, सगळे स्टेशनाला चिकटले.

धरणगावला गाडी आली ती १९०० च्या आसपास, ताप्ती व्हॅली रेल्वेची. तोवर जळगावची पेठ पस्तीस-चाळीस वर्षं जुनी झाली होती. आणि ही लाईन पूर्वेला जाऊन मिळते कुठे? जळगावलाच. म्हणजे धरणगावचा माल मुंबईला न्यायचा तर जळगाव चुकवता येत नाही. मग व्यापारी म्हणतो, मधे कशाला उतरू.

वरून १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले. पश्चिम खान्देशचं धुळे, पूर्व खान्देशचं जळगाव. कलेक्टर आला, कोर्ट आलं, वकील आले, मग शाळा-कॉलेजं. १९०१ च्या तुमच्या आकड्यानंतर पाचच वर्षांनी हे घडलं, म्हणून तो आकडा फार मोक्याचा आहे. शर्यत सुटायच्या आधीचा फोटो आहे तो.

---

अमळनेरकर

@भुसावळ_यार्ड, सगळं रेल्वेवर ढकलू नका. ताप्ती व्हॅलीची तीच लाईन, तेच वर्ष, अमळनेरलाही आली. १९०१ मध्ये अमळनेर धरणगावपेक्षा लहान होतं. २०११ मध्ये अमळनेर ९५,९९४. हे कसं?

उत्तर आहे गिरणी. प्रताप शेठजींनी अमळनेरला कापड गिरणी काढली. हंगामी नाही, बारमाही काम. पाळीच्या भोंग्यावर गाव चालायचं. शेठजींनी शाळा-कॉलेजाला पैसा दिला, तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी इथल्याच शाळेत मास्तर होते. पुढे वनस्पती तुपाचा कारखाना आला, ज्यातून विप्रो उभी राहिली. मिल पुढे बंद पडली हे खरं, पण तोवर वस्ती बसली होती.

धरणगावकडे कापूस होता, व्यापारी होते, १८६६ पासून नगरपालिका होती, लाईन होती. नव्हता तो पैसा गावात गाडून घेणारा एक माणूस. तुमचे व्यापारी आडत करत राहिले, आमच्या शेठजींनी चाती लावली. राग मानू नका.

---

जिनवाला

राग कसला भाऊ, खरंच आहे ते. फक्त एक. व्यापारी मूर्ख नव्हते. ज्याला मिल काढायची ऐपत होती तो धरणगावात काढण्याऐवजी जळगावात प्लॉट घेत होता. तीस किलोमीटरवर मोठा बाजार असला की हुशार माणूस तिकडेच जातो. अमळनेर जळगावपासून दुप्पट लांब, म्हणून ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं.

---

तालुका_पास

कचेरीचंही कोणी बोलत नाही. धरणगाव पेठ म्हणून मोठं, वस्तीने मोठं, तरी तालुका कोणता? एरंडोल. सातबारा काढायला एरंडोल, तारखेला एरंडोल. एरंडोलवाल्यांना पांडववाडा आणि पद्मालयाच्या गणपतीचा मान होताच, वर मामलेदार कचेरीही त्यांच्याकडे. धरणगाव वेगळा तालुका झाला १९९९ मध्ये, बोदवडसोबत. तेव्हा तहसील आली खरी, पण मोठी कामं तोवर जळगावला जाऊन बसली होती. आता आमदारकीलाही गाव जळगाव ग्रामीणमध्ये मोडतं. पत्ता धरणगाव, बाकी सगळं जळगाव.

---

सातपुडा_उतार

इथवर वखार, कापूस, शेठजी झाले. या गावाचा अर्धा इतिहास भिल्लांचा आहे, त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून लिहितो.

१८०३-०४ च्या दुष्काळानंतर खान्देश उजाड झाला. होळकर-शिंद्यांच्या झटापटी, अरब आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या, गावंच्या गावं ओस. डोंगरातले भिल्ल, ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावराखणीचं वतन होतं, त्यांचं ते उत्पन्नच बुडालं आणि ते लुटीवर आले. त्यावर पेशवाईतल्या अंमलदारांनी काढलेला उपाय म्हणजे बोलावून घ्यायचं, अभय द्यायचं आणि कापून काढायचं. कोपरगाव, चाळीसगाव, अंतूर इथे हे झालं, आणि धरणगावातही झालं. सरकारी गॅझेटियरमध्ये ते नोंदलेलं आहे. गावात मात्र त्याची एक खूणही नाही.

१८१८ मध्ये खान्देश कंपनीकडे गेला. आधी बंदुकीने करून पाहिलं, जमलं नाही. मग १८२५ मध्ये भिल्ल एजन्स्या नेमल्या आणि जेम्स औट्रम नावाच्या बाविशीतल्या लेफ्टनंटला भिल्लांची पलटण उभी करायला सांगितलं. ही भिल्ल कोअर, तिचं ठाणं धरणगाव. औट्रम त्यांच्यासोबत वाघांच्या शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा, म्हणून विश्वास बसला असं इंग्रज लिहितात. दहा वर्षं तो इथे होता, १८३५ मध्ये गेला. पुढे १८५७ मध्ये लखनौला गाजला तो हाच.

शाळेत आम्हाला हे "रानटी भिल्लांना माणसाळवलं" अशा सुरात सांगितलं. माणसाळवायला ते काय जनावरं होती? ज्यांचं वतन गेलं त्यांना पगार दिला, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो पगारही सगळ्यांना पुरला नाही. सेंधवा घाटाची राखण कंपनीसाठी करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. ज्या पलटणीचा बडेजाव सांगतात तिचेच भाऊबंद त्या डोंगरात समोर उभे होते.

लोकसंख्येवर धागा आहे म्हणून विचारतो. त्या पलटणीतले शिपाई, त्यांची बायकामुलं, धरणगावच्या गावठाणात कुठे राहायची? आज भिल्ल वस्ती गावाच्या कडेला का आहे? १४,१७२ मध्ये ते होते, ३५,३७५ मध्येही आहेत. फक्त मुख्य बाजारात त्यांचं एकही दुकान नाही.

---

गिरणाकाठ

सातपुडा_उतार, हे लिहिल्याबद्दल आभार. औट्रमचा बंगला गावात सगळे दाखवतात, कत्तलीबद्दल कोणी बोलत नाही. "पेठ कशी वाढली" विचारताना ती कोणाच्या जिवावर सुरक्षित राहिली हेही विचारायला हवं. पेठेला राखण लागते, आणि राखण करणाऱ्याला आपण कधी पेठेत घेतलं नाही.

---

पोळीवाली_नाशिक

माहेर धरणगाव, सासर नाशिक. आकडे वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटली.

आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. बाहेरच्यांसाठी: त्या आधी रोटाचं दळण होतं. घरात, भाऊबंदकीत जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे. माझी आजी परातीपाशी बसायची आणि एकेकाचं नाव घेत मूठ टाकायची. मोठा काका, त्याचा मोठा, त्याचा धाकटा, सुरतवाला, पुण्याचा, आणि पाळण्यातला सुद्धा. नाव घेतलं की मूठ. कोणाचं नाव सुटलं तर आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "उधन्याचा राहिला!" त्या गव्हाचे रोट, आणि ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत.

ही आमच्या घराची जनगणना. आणि खरं सांगते, सरकारी आकड्यापेक्षा तिच्यातून गाव जास्त कळतं. परात दर वर्षी भरत जायची आणि जेवायला पंगत मात्र छोटी होत जायची. मुठी वाढल्या, पाटं घटली. त्या मुठींतले निम्मे सुरतेच्या लिंबायत आणि उधन्याला.

दुसरं. मी शेजारी बसून बघायचे, माझ्या नावाची मूठ कधी पडली नाही. बायका मोजायच्याच नसतात त्यात. २०११ मध्ये जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्यातल्या तळाच्या जिल्ह्यांपैकी एक. परातीचा आणि या आकड्याचा संबंध नाही असं म्हणणाऱ्यांनी माझ्या आजीपाशी बसून बघायला हवं होतं.

---

खान्देशी_भो

ताई, एक नंबर लिखं. आम्हना घरमा बी तसंच शे. सुरतवाला येतस कानबाईले, दोन दिन ऱ्हातस, नि परत पॅसेंजर धरतस.

---

भुसावळ_यार्ड

आणि ती पॅसेंजर म्हणजे तीच ताप्ती व्हॅली. १९०० मध्ये कापूस न्यायला टाकलेली लाईन, तिने शेवटी माणसं नेली. संध्याकाळी धरणगावला बसलं की पहाटेपर्यंत उधना. मधे नवापूरला भाषा बदलते, बाकी डब्यात सगळे आपलेच. सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना भागात खान्देशी माणूस इतका आहे की तिथल्या भाजीबाजारात अहिराणी सर्रास ऐकू येते. कोणी लूमवर, कोणी डाइंगला, कोणी हिऱ्याच्या घंटीवर. पहिला जातो, खोली घेतो, मग गल्लीतले चार त्याच्या खोलीवर उतरतात. आता लाईन दुहेरी झाली, गाड्या वाढल्या, जाणं अजून सोपं.

म्हणजे धरणगावला दोन्हीकडून ओढ आहे. शिकलेला आणि पैसेवाला जळगावला, अंगमेहनतीचा सुरतेला. उरतो तो ज्याची शेती आहे आणि ज्याला दुकान सोडवत नाही.

---

नळाचा_नंबर

उरतात त्यांच्या नळाला उन्हाळ्यात किती दिवसांनी पाणी येतं तेही लिहा की. दोन नद्यांच्या मधलं गाव आणि घराघरात प्लॅस्टिकच्या टाक्यांची रांग. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात, पाणी कितव्या दिवशी? हसू नका, माझ्या चुलतभावाचं ठरत आलेलं लग्न त्यावर अडलं होतं. मग त्याने जळगावला फ्लॅट घेतला. झाला गावातून एक कमी.

---

बालकवीप्रेमी

गाव कशासाठी प्रसिद्ध, असं कोणी विचारलं की मी एकच उत्तर देते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्यांत बालपण फिरतीचं. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, तिथे अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी या पोराला "बालकवी" म्हटलं आणि तेच नाव राहिलं. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रुळांवर गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नाही.

एवढं ऊन, एवढी काळी माती, आणि त्यातला माणूस लिहितो काय तर हिरवळ, झरे, फुलं. मला वाटतं ज्याने खान्देशातला मे महिना पाहिला आहे त्यालाच श्रावण इतका दिसतो. कोकणातल्या कवीला हिरव्याचं कौतुक कशाला असेल?

---

जिनवाला

ताई, जन्म धरणगाव, मान्यता जळगाव, मृत्यू भादली. कवीसुद्धा त्याच लाईनीने गेला म्हणायचा.

---

बालकवीप्रेमी

असे विनोद नका करू हो.

---

निवृत्त_मास्तर

बराच वेळ वाचतो आहे. दोन गोष्टी आकड्यांबद्दल, कारण मी जनगणनेचं काम प्रगणक म्हणून केलेलं आहे.

पहिली. १९०१ चा आकडा शांत काळातला नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, मागोमाग प्लेग, मग १८९९-१९०० चा छप्पन्न्या, म्हणजे संवत १९५६ चा. खेड्यांतली माणसं पोटासाठी पेठांत आली होती आणि पेठांतली प्लेगने बाहेर झोपड्यांत गेली होती. म्हणून १४,१७२ आणि १६,२५९ ची तुलना करा, पण त्यातल्या हजार-पाचशेवर इमले बांधू नका. "बरोबरीची गावं होती" एवढंच पक्कं.

दुसरी. २००१ ते २०११ ची पाच टक्के वाढ ही पालिकेच्या हद्दीतली आहे. आपल्याकडे लहान शहरांची हद्द जुनी राहते आणि नवी प्लॉटिंग शेजारच्या शिवारात पडते. शेत बिनशेती होतं, फलक लागतो, कॉलनी उभी राहते, पोरं शाळेला आणि बायका बाजाराला गावातच येतात, पण शिरगणतीत ते दुसऱ्या गावचे. कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्याने फिरा, हेच दिसेल. त्यामुळे गाव थांबलं हे खरं असलं तरी दिसतं तितकं थांबलेलं नाही. गिरणाकाठ, तुमचं मूळ म्हणणं मला मान्य आहे, बाजारच सरकला. पण पुरावा म्हणून एकट्या २०११ वर भार टाकू नका. ११० वर्षांची रेघ बघा, ती जास्त खरी.

---

गिरणाकाठ

मास्तर, मान्य. एक विचारायचं होतं. सुरतेला असलेला माणूस नेमका कुठे मोजला जातो? घरचे तर रेशनकार्डावर त्याचं नाव ठेवून असतात.

---

निवृत्त_मास्तर

रेशनकार्डाचा आणि जनगणनेचा संबंध नाही. २०११ ला आम्ही ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर गेलो, आणि आकडा धरला १ मार्चच्या सुरुवातीचा. माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजायचा. सहा महिने सुरतेला असलेला मुलगा सुरतेत. आई दाराशी म्हणते, "लिहा ना मास्तर, माझाच आहे तो." लिहिता येत नाही. समजावून सांगावं लागतं, आणि ती नाराज होते.

हंगामी कामावर गेलेल्यांचं त्याहून अवघड. फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते, वीटभट्ट्या चालू असतात. कुटुंबच्या कुटुंब कुलूप लावून गेलेलं. ते त्या सगळ्या दिवसांत बाहेरच असेल तर जिथे आहे तिथे मोजायचं.

---

जिनवाला

फेब्रुवारी म्हणजे आमचा भर हंगाम. जिनमध्ये मध्य प्रदेशातले मजूर बायकापोरांसह राहतात, आवारातच पत्र्याच्या खोल्या. म्हणजे ते आमच्या गावात मोजले गेले का?

---

निवृत्त_मास्तर

सगळे वीस दिवस तिथेच असतील तर हो. मी स्वतः एका जिनच्या आवारात गेलो होतो. मुकादम म्हणाला, हे आमचे नाहीत, एप्रिलला जातील. मी म्हणालो, एप्रिलचं मला विचारूच नका, आज चूल कुठे पेटते ते सांगा.

---

सातपुडा_उतार

म्हणजे सुरतेला गेलेला धरणगावकर वजा आणि सेंधव्याहून आलेला बारेला आदिवासी मजूर अधिक. बेरीज ३५,३७५. आता २०२७ ची जनगणना येतेय, त्यात जातही विचारणार आहेत. तेव्हा गावाचे खरे रहिवासी कोण यावर इथे दुसरा धागा काढावा लागेल.

---

खान्देशी_भो

धागा काढा भो, पन जिनवाल्यासले पहिले सांगा, मजूरना खोल्यासवर घरनंबर टाका. मागला टाइमले नंबरच नव्हता म्हने.